उरलेली पिंपं आणि सोनवणे सर

फोन आला तेव्हा मी वायनरीच्या तळघरात पिंपं भरत होते. लाकडी पिंपातली वाइन हळूहळू उडते. जेवढी उडाली तेवढी वरून घालावी लागते, नाहीतर हवा लागून माल बिघडतो. फोन सोनवणे सरांच्या मुलीचा, वैशालीचा होता. "नसरीनताई, पप्पा गेले... चहा घेतला, खुर्चीत बसले आणि बसल्या जागीच..." मी "येते" एवढंच म्हटलं आणि हाती घेतलेलं पिंप आधी भरून घेतलं. ते अर्धवट सोडून गेले असते तर सर रागावले असते.

त्याला आता पाच आठवडे झाले.

सर मूळचे सोयगावचे. तिथल्या शाळेत वीस-बावीस वर्षं विज्ञान शिकवायचे. त्यांच्या एका वर्गमित्रानं दौलताबादजवळच्या स्वतःच्या द्राक्षबागेत वायनरी काढली आणि सरांना बोलावून घेतलं. या मालकांना सगळे दादासाहेब म्हणत. मास्तर दारू गाळायला गेला म्हणून गावात लोक हसले. सरांनी पुस्तकं मागवली, नाशिकला जाऊन राहिले आणि शिकून आले. मी बी.एस्सी. होऊन तिथल्या प्रयोगशाळेत नोकरी मागायला गेले तेव्हा ते मुख्य वाइनमेकर होते. आमच्या घरी मात्र नोकरीचं नाव काढताच अम्मीनं बोलणं टाकलं. सर स्वतः घरी आले. किल्ल्याच्या पायथ्याशी अब्बांचा पेरू-सीताफळांचा गाडा होता, तिथंच बाकड्यावर बसून म्हणाले, "भाईसाब, पोरगी एक थेंब तोंडात घालणार नाय. तिचं काम यंत्रावरचं, आम्ल मोजायचं. चव बघायला माझी जबान आहे." अब्बा म्हणाले, "आपने जबान दी है मास्टरसाब, तो ठीक है." सरांनी तो शब्द अखेरपर्यंत पाळला. आजही मी वाइन फक्त हुंगते.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी ऐन तोडणीच्या तोंडावर गारपीट झाली. अर्ध्या तासात बाग आडवी. नवी वाइन होणार नव्हती आणि आदल्या वर्षीची विकून झाली होती. तळघरात उरली होती अकरा पिंपं. दरवर्षी ठरलेल्या रेड वाइनसाठी एकमेकांशी जुळणारी पिंपं निवडली की अशी काही मागं राहतातच. ती खराब असतात असं नाही, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. तिसऱ्या पिंपातल्या शिराझ द्राक्षाच्या वाइनला काळ्या मिरीचा सुरेख वास होता, पण तोंडात ती पाण्यासारखी. नवव्यातल्या कॅबरने द्राक्षाच्या वाइनला दम होता, पण सगळं लाकडाच्या वासाखाली दबलेलं. सहावं तर इतकं आंबट की चाखताना सर डोळे मिटून घेत. दादासाहेब म्हणाले, "सर, यंदा आपल्याकडं एवढंच आहे. यातनं काही होत असेल तर बघा. नाहीतर हे दारूच्या भट्टीला देतो आणि माणसं कमी करतो." खाली बारा माणसं कामाला होती. सरांनी दोन महिने मागून घेतले.

काचेच्या नळीनं प्रत्येक पिंपातला नमुना काढायचा, मापानं एकात एक मिसळायचा, वर चिठ्ठी लावून आठवडाभर ठेवायचा आणि पुन्हा बघायचा, असं काम सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी सर म्हणाले, "सातवं धर यात. छान रुळलंय."

"सर, सातव्याला वास आहे. भिजलेल्या पोत्यासारखा."

सरांनी ग्लास उचलून नाकाशी नेला, बराच वेळ धरला आणि मान हलवली. "हां... आहे खरा."

पण त्यांनी उचललेला ग्लास चौथ्या पिंपाचा होता. त्याला पोत्याचा वास अजिबात नव्हता. मी ग्लासावरच्या चिठ्ठीकडं पाहिलं, सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग ते स्टुलावर बसले.

"दिवाळीत ताप आला होता बघ. तवापासनं नाय येत. फुलाचा नाय, फोडणीचा नाय... कशाचाच नाय."

वाइनमेकरचं नाक जाणं म्हणजे काय, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी विचारलं, "दादासाहेबांना सांगणार?"

"सांगणार. पण आत्ता सांगितलं तर ही पिंपं उद्याच भट्टीवर जातील. आधी काम होऊ दे. जीभ शाबूत आहे माझी. आंबट, तुरट, जड, हलकं समदं कळतं. बाकीचं तू सांग."

मग मी हुंगायचं आणि सरांनी चाखायचं, असं ठरलं. मी पुस्तकातले शब्द वापरायला गेले की ते थांबवायचे. "ते ठेव बाजूला. तुझ्या घरातलं सांग." मग मी सांगायची, पाचव्याला अब्बांच्या गाड्यावरच्या पिकून फुटलेल्या पेरूचा वास आहे, दहाव्याला नव्या दप्तराचा. सर शाळेच्या वहीत लिहून घ्यायचे, घोट घेऊन थुंकायचे आणि स्वतःचं सांगायचे, "शेवटाला कोरडं पडतंय. आंबटातलं चमचाभर घाल." ज्या सहाव्या पिंपाला आम्ही नावं ठेवत होतो, त्याच्या चमचाभर आंबटानं पहिल्यांदा सगळं मिश्रण जागं झालं. सर नुसते हसले. गारपिटीनंतर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी दादासाहेबांनी ग्लास संपवला आणि म्हणाले, "सर, हे आपल्या नेहमीच्या वाइनपेक्षा चांगलं आहे."

"दादासाहेब, मला वास येत नाय. दिवाळीपासनं," सर म्हणाले. "जीभ माझी, पण नाक या पोरीचं."

दादासाहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे दोन महिने तुम्ही मला फसवलं?"

"व्हय. फसवलं."

सात पिंपांतल्या त्या वाइनच्या जेमतेम दोन हजार बाटल्या भरल्या आणि बघता बघता गेल्या. बाराही माणसं कामावर राहिली. सरांचं पद मात्र गेलं. नाशिकहून नवा माणूस आला. सरांनी तक्रार केली नाही, वह्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि शहरातल्या, गारखेड्याच्या घरी निघून गेले. मी त्या दिवशी दादासाहेबांशी बोलायला हवं होतं. मी खाली मान घालून उभी राहिले... ते मला अजून बोचतं.

पुढच्या वर्षी पुन्हा पिंपं उरली. नव्या माणसाला त्यांचं काय करावं कळेना. दादासाहेबांनी न बोलता गारखेड्याला गाडी पाठवली आणि सर न बोलता गाडीत बसले. तेव्हापासून वर्षातला एक आठवडा सर यायचे आणि आम्ही उरलेल्या पिंपांपुढं बसायचो. नंतर मुख्य काम माझ्याकडं आलं, तरी त्या आठवड्यात निर्णय त्यांचाच असे. गेल्या खेपेला त्यांना ग्लास पेलत नव्हता म्हणून तो मी धरला होता. घोट घेऊन म्हणाले, "आता तुला माझी गरज नाय." मी म्हटलं, "चाखणार कोण सर?"

परवा मी गारखेड्याला गेले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, स्वयंपाकघरात होत्या, मी ओट्याशी जाऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, "मी फोडणी टाकली की हे रोज दारात येऊन उभे राहायचे. आज कसा वास सुटलाय, सांग म्हणायचे. एवढी वर्षं रोज सांगितलं बघ. आता तोंडाला सवय लागलीय. परवा एकटीच मोठ्यानं बोलले, लसूण जरा करपला म्हणून... आणि दाराकडं बघितलं."

त्यांनी कढईत मोहरी टाकली, ती तडतडली. मग हिंग, कढीपत्ता. काकूंच्या हातातला डाव तसाच वर राहिला होता. मी दाराकडं तोंड करून म्हटलं, "कढीपत्ता ताजा आहे सर. हिंग थोडा जास्त पडलाय."

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि वरण कढईत ओतलं.