सतरा जणांचा स्वयंपाक

फजिती सांगते, पण आमच्या शाळेत कळवू नका. मी वेल्ह्यात आठवी-नववीला गणित शिकवते हो.

माझं माहेर भोरचं, सासर पासलीचं. पासलीत भातलावणी इर्जिकीनं होते. आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या. मजुरी नाही, ज्याचं शेत त्यानं दुपारी पोटभर जेवायला घालायचं. माणसं अर्धपोटी उठली, तर पुढच्या वर्षी त्या घराकडं कोण फिरकेल?

यंदा तो स्वयंपाक मी हट्टानं मागून घेतला. भोरच्या सुनेला जमणार नाही म्हणतात काय? दाखवतेच.

"तीस जणांचं कर," सासूबाई म्हणाल्या.

"आत्या, अंदाज कशाला? माझ्याकडं आकडे आहेत."

आधीच्या सहा घरी किती माणसं आली, ते मी पाळीनं वहीत लिहिलं होतं. पंधरा, बावीस, बारा, अठ्ठावीस, एकोणीस, सतरा. शेवटच्या आकड्यातून पहिला वजा केला. विस्तार, म्हणजे आकड्यांमधला एकूण फरक, आला दोन.

"फरक दोनच माणसांचा पडतोय. सतरा जणांचं पुरे."

"आगं, मधी अठ्ठावीस हायेत की."

"मधले धरायचे नसतात, आत्या." असं ठणकावून सांगितलं मी. काय म्हणावं मला?

दुपारी बांधावर पंगत बसली. मोजली तर सव्वीस माणसं. निम्म्यांना वाढेपर्यंत उसळीच्या पातेल्याचा तळ दिसला.

सासूबाई कानाशी आल्या. "म्या काय शाळा शिकले न्हाई. पर समद्यात जास्त किती आली नि समद्यात कमी किती, ह्येच बघायचं असतंय न्हवं?"

हीच व्याख्या मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. आकडे आधी क्रमानं लावले नाहीत म्हणून पोरांचे मार्क कापते.

पण हटले नाही. "आत्या, एक माणूस उपाशी उठणार नाही," म्हटलं आणि पदर खोचून घराकडं पळाले. पिठलं टाकलं, भाकरीमागून भाकरी थापली, बोटं पोळली तरी तवा उतरवला नाही. सासूबाई डोक्यावर पाटी घेऊन चिखलातून खेपा घालत राहिल्या. सव्वीसच्या सव्वीस माणसं तृप्त होऊन उठली.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "तू जेवलीस का गं?"

मी भाकरीच्या टोपल्यात पाहिलं, तुकडाही उरला नव्हता. मग चुलीपुढं बसूनच पुन्हा विस्तार काढला, या खेपेला अगदी नीट. सगळ्यात जास्त भाकरी आमच्या ह्यांनी खाल्ल्या, सहा. सगळ्यात कमी, शून्य. ते शून्य माझं.