नाकवाले काका आणि बिनजाळाची शेगडी

सूनबाईने लोहचुंबक आणून घरातल्या भांड्यांना लावायला सुरुवात केली, तेव्हाच नाकवाल्या काकांच्या मनात पाल चुकचुकली. चुंबक चिकटला तर भांडं उजवीकडे, नाहीतर डावीकडे. काकांचं चहाचं अॅल्युमिनियमचं पातेलं अर्थातच डावीकडे गेलं. विचारलं तर म्हणाली, इंडक्शन घ्यायचा विचार आहे, त्यावर ही भांडी चालत नाहीत. अगदी सहज म्हणाली. या घरात कुणी सहज काही बोलतं यावर काकांचा मुळीच विश्वास नव्हता.

हा माणूस चाळीस वर्षं गॅसच्या शेगड्या दुरुस्त करत हिंडला. दारात पाऊल टाकताच गळती कुठे आहे ते सांगायचा, म्हणून गिऱ्हाइकांनी त्याला हे नाव दिलं. दोन वर्षांपूर्वी ताप आला आणि जाताना नाकाची वास ओळखण्याची ताकद घेऊन गेला. काकांनी ही गोष्ट कुणालाही कळू दिली नाही. गुडघे दुखतात अशी थाप मारून काम सोडलं आणि घरी बसले. मुलगा आणि सून कामावर गेले की पाच वर्षांची नात दिवसभर त्यांच्या हवाली. तिला भरवायचं, तिच्याशी पत्ते खेळायचे आणि मुद्दाम हरायचं. ती नसती तर घरातली खुर्ची आणि काका यांत फारसा फरक उरला नसता.

त्यामुळे त्यांनी इंडक्शनचा अर्थ आपल्या परीने लावला. आज शेगडी जाणार, उद्या बाबांना ती बटणं जमत नाहीत असं ठरणार आणि परवा नात पाळणाघरात. सगळं कसं पद्धतशीर. जेवताना त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला. वीज गेली तर उपाशी बसायचं का? जाळच दिसत नाही तर आच कमी की जास्त हे कळायचं कसं? मुलाने वाद घातला. सून मात्र गप्प राहिली, आणि काकांना तेच जास्त खुपलं. जी माणसं वाद घालत नाहीत त्यांचं आधीच ठरलेलं असतं.

गुरुवारी सकाळी दोघं कामावर गेली. तासाभराने स्वयंपाकघरात खेळणारी नात नाक दाबून म्हणाली, "आजोबा, घाण वास येतोय."

काकांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "आईने सांगितलं ना असं म्हणायला?"

"नाही. खरंच येतोय."

एवढ्याशा पोरीला पढवून ठेवायचं म्हणजे कमाल झाली. काकांनी ठरवलं, आता पुराव्यानिशी बोलायचं. वाटीत साबणाचा फेस केला आणि सिलिंडरपासून शेगडीपर्यंत सगळ्या नळीला फासला. एकही बुडबुडा येणार नव्हता आणि संध्याकाळी सूनबाईची बोलती बंद होणार होती.

नळीच्या सिलिंडरकडच्या टोकाशी फेस फुगला. एक बुडबुडा, मग दुसरा, मग भराभर.

काकांचे हात सवयीने चालले. सिलिंडर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या, दिव्याच्या बटणाला हात न लावता नातीला कडेवर घेतलं आणि जिना उतरून थेट रस्त्यावर आले. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे गुडघे खरोखर दुखले.

नवी नळी त्यांच्या जुन्या पिशवीत होती. बसवायला दहा मिनिटं पुरली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. काकांच्या मनात तसं आलंही, खोटं कशाला सांगा. पण नात त्यांच्या खांद्यावर मान टाकून होती आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटत होती. त्यांनी सुनेला फोन लावला.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. आज नळी गळत होती आणि पोरगी घरात होती. तिला उद्यापासून पाळणाघरात घाल. मी काही बोलणार नाही."

पोरगी बरी आहे ना, हे तिने दोनदा विचारलं.

"मला कधीचं माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "पाळणाघरातच घालायचं असतं, तर मी शेगडी कशाला बदलत बसले असते?"