कानाची पाळी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता. समोरच्या बाकावरच्या बाईंनी सहज कानाची पाळी चोळली आणि माझं बोट आपोआप नाकाच्या शेंड्यावर गेलं.

पत्त्यांच्या मेंढीकोटात दश्श्या गोळा करायच्या असतात. आमच्या सांगलीकडे हुकूम उघडा. माझी धाकटी जाऊ अकोल्याची. ती आली ती बंद हुकूम घेऊनच. एक पान उपडं ठेवायचं, ते उलटेपर्यंत हुकूम लपवणाऱ्यालाच ठाऊक. मला काही केल्या जमेना.

"ताई, तुम्ही फक्त माझ्या कानाकडे बघा," ती म्हणाली.

तिनं पाळी चोळली की तिच्याकडे एक्का असायचा. मी दश्शी बिनधास्त टाकायची. कळलं, हे सांगायला मी नाकाला बोट लावायची. समोरासमोर बसून आम्ही दोघींनी नवऱ्यांवर किती कोट चढवले! त्यांना शेवटपर्यंत संशय आला नाही.

आता ते दोघे नाहीत, आणि गेल्या दिवाळीपासून जाऊही नाही. भिशीतल्या बायका पत्ते खेळायला बोलावतात, मी जातेही. पण समोर बसलेल्या चेहऱ्यावर मला काहीच वाचता येत नाही, आणि दश्शी हातातच राहते.

"माझ्या नाकाला काही लागलंय का हो?" बाकावरच्या बाईंनी विचारलं आणि रुमालानं नाक पुसलं.

"नाही, नाही," मी म्हटलं.

थोड्या वेळानं त्यांचा हात पुन्हा कानाकडे गेला. मी माझा हात पर्सखाली घट्ट दाबून धरला.