हॉलीसर

आमच्या हॉलीसरांचा होळीशी काहीही संबंध नव्हता. तरी कॉलेजातली नवी पोरं धुळवडीला हमखास त्यांना रंगवायची, आणि सर चष्मा पुसत समजावायचे, "होळी न्हाय रे, हॉली. झाड हाय ते." सोलापूरच्या उन्हात जन्म काढलेला, वनस्पतीशास्त्र शिकवणारा हा वळसंगचा माणूस निलगिरी डोंगरांच्या धुक्यातल्या एका झाडापायी वेडा झाला होता.

नाताळच्या चित्रांत दिसणाऱ्या हॉलीच्या गोतातलीच ती एक जात, पण जवळजवळ संपलेली. सरांना तरुणपणी तिचं एकच झाड सापडलं होतं, तेही मादी. या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. आसपास नर नसेल तर फळ धरत नाही. सर दर उन्हाळी सुट्टीत तिकडे जात, नर शोधत आणि हात हलवत परत येत.

"त्या झाडाचा उपयोग काय, सर?" मी एकदा वर्गात विचारलं.

"तू जन्मलास तवा तुझ्या आईला कुणी विचारलं हुतं का, उपयोग काय म्हणून?"

वर्ग खो खो हसला. पुढच्या सुट्टीत मी सरांची पिशवी उचलून त्यांच्याबरोबर निघालो होतो.

झाडापाशी पोचलं की सर आपल्या घरच्या कन्नडात तिच्याशी बोलत, माहेरी आलेल्या बहिणीशी बोलावं तसं. मग गळालेली बारीक पांढरी फुलं तळहातावर घेऊन मला म्हणत, "दरसाल फुलते बिचारी."

निवृत्तीनंतर अर्धांगवायूनं सर अंथरुणाला खिळले आणि मी एकटा जाऊ लागलो. गेल्या वर्षी एका वनरक्षकानं पलीकडच्या दरीतलं झाड दाखवलं. फुलं निरखली. नर! मी जवळजवळ पळतच जुन्या झाडाकडे गेलो. ते वठलं होतं. नखानं साल खरवडून पाहिली, चार ठिकाणी. ओल कुठंच नव्हती.

सरांना निम्मंच सांगायचं ठरवलं होतं. त्यांच्यासमोर ते जमलं नाही. नराचा फोटो त्यांनी डोळ्यांजवळ धरला. जड जिभेनं म्हणाले, "आता ह्योबी एकटाच की."

त्यांनी फोटो माझ्याकडे सरकवला.

"त्याच्याकडं जात जा."

"व्हय, सर," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दिवाळीआधी सर गेले. यंदा मी तिकडे गेलो, तर तो भरभरून फुलला होता.