वरून भरलेले तेल : शून्य

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तीस वर्षे त्यांनी दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेले शिसे हुडकून काढले. निवृत्तीनंतर पकडायला कोणी उरले नाही म्हणून की काय, त्यांनी स्वतःच्या डिझेल गाडीच्या इंजिनाची चौकशी सुरू केली. एरवी माणसे इंजिनातले तेल बदलतात आणि विसरून जातात. भावोजी काढलेल्या काळ्या तेलातले कपभर एका बाटलीत भरून दूरच्या प्रयोगशाळेला पाठवत. तिथे त्यात लोखंड किती, तांबे किती, काजळी किती हे मोजले जाई, आणि इंजिन न उघडता आतला कोणता भाग किती झिजतो आहे ते कळे. कल्पना उत्तम आहे. उत्तम कल्पना भलत्या माणसाच्या हाती लागली की तिचे काय होते, ते मी सहा वर्षे त्यांच्या बैठकीच्या खोलीत बसून पाहिले.

पाहुण्यांपुढे चहाच्या आधी फाइल येई. जाड पुठ्ठ्याची, निळी, कोपऱ्यांना पट्टी लावलेली. वर्षाला एक याप्रमाणे अहवाल, आणि प्रत्येकाला तेलाबरोबर पाठवलेल्या माहितीपत्रकाची प्रत टाचलेली.

"लोखंड एकतीस!" भावोजी बोट ठेवून म्हणत. "दशलक्ष भागांत फक्त एकतीस. तुमच्या रक्तात याहून जास्त निघेल."

या विनोदाला आधी ते स्वतः हसत, मग पाहुणे हसत. स्वयंपाकघरातून ताई विचारी, "झाला का विनोद? मग चहा आणते."

निसर्गाचीही त्यांना आवड होती, पण ती त्याच गाडीतून उतरलेली. तेलाचे रिकामे डबे अर्ध्यात कापून, खाली भोके पाडून, गॅलरीत त्यांनी कोरफड लावली होती. त्यांच्या घरातून काहीही फुकट जात नसे, आणि कोणाला काही फुकट मिळतही नसे.

त्यांची मुलगी, माझी भाची, परिचारिका. गेल्या वर्षी तिची बदली डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रावर झाली. वस्त्या लांबलांब, बस दिवसातून एकदा. बाळंतिणीकडे जायचे तर स्वतःचे वाहन हवे, आणि ते चढावर बंद पडता कामा नये. भावोजींनी तिला गाडी द्यायचे कबूल केले, तेही समारंभपूर्वक, फाइल तिच्या हातात ठेवून.

मिस्त्रीने मात्र गाडी तपासताना तिला बाजूला घेतले. "सिस्टर, गाडी तेल पिते. चढावर मागे निळा धूर निघतो, बघा एकदा. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. इंजिन उघडल्याशिवाय घाटात नेऊ नका, अडकाल."

भावोजींनी ते ऐकून मान तिरकी केली. "त्याला रिंगा विकायच्यात. तो नाकानं तपासतो, मी आकड्यानं."

"पण धूर निघतो, बाबा."

"धूर डोळ्यांना दिसतो. डोळे फसतात. तीस वर्षं मी तेच तर पकडलं."

रविवारी मी गेलो तेव्हा भाची फाइल घेऊन बसली होती. अहवाल बाजूला ठेवून ती माहितीपत्रके वाचत होती. तेल किती किलोमीटर चालले, कोणत्या प्रतीचे होते, मधल्या काळात वरून किती भरले. शेवटच्या रकान्यात भावोजींच्या टपोऱ्या अक्षरात सहाही वेळा एकच शब्द होता : शून्य.

ती उठून गॅलरीत गेली. पाणी घालते आहे असे मला वाटले. ती डबे मोजत होती.

"मामा, तेल बदलायला किती लागतं?"

"पाच लिटर."

"पाच लिटरचे डबे सहा आहेत, सहा वेळा बदललं. मग हे एकेक लिटरचे तेवीस कुठून आले?"

भावोजी म्हणाले, "पातळी अधूनमधून थोडी उतरते. मी ती सारखी करतो. त्याला तेल पिणं म्हणत नाहीत."

"आणि नमुना काढायच्या आधी?"

उत्तर ताईने दिले. "आदल्या संध्याकाळी एक डबा ओततातच. टॉर्च मीच धरते ना!"

"मग काय झालं?" भावोजी उसळले. "चारचौघांत जाताना माणूस केस विंचरत नाही?"

"बाबा," भाची शांतपणे म्हणाली, "तुम्ही दुधात पाणी घालून दुधाचा नमुना पाठवलात."

ताजे तेल मिसळले की झिजेचे लोखंड पातळ होते आणि आकडा खाली येतो, हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. वीस ग्रॅम कमी भरले म्हणून ज्याने एका वाण्याला भर बाजारात रडवले होते, त्या माणसाला ते समजत नव्हते असे मी मानत नाही. त्यांना फसवायचे नव्हते कोणाला. त्यांना फक्त चांगला शेरा हवा होता, आणि तो मिळवायला त्यांनी जन्मभर पकडलेलीच युक्ती वापरली. निदान वाण्याने आपण काय करतो आहोत ते स्वतःपासून लपवले नव्हते.

भाचीने किल्ली काढून घेतली. तीन आठवडे तेलाला हात लावू दिला नाही. मग मिस्त्रीकडे इंजिन गरम करून, काळी धार सुरू झाल्यावर मधल्या धारेची बाटली भरली आणि वरून भरल्याच्या रकान्यात, ताईला विचारून, स्वतःच्या हाताने लिहिले : चार लिटर. दहा दिवसांनी अहवाल आला. लोखंड एकशे अठ्ठावीस. खाली दोन ओळी : वरून भरलेले तेल विचारात घेता झीज याहूनही अधिक आहे, लांबच्या प्रवासापूर्वी इंजिन उघडून तपासावे.

"प्रयोगशाळेचा दर्जा घसरलाय," भावोजी म्हणाले. प्रयोगशाळा तीच होती.

मिस्त्रीला दुरुस्तीसाठी महिना हवा होता, आणि भाचीला चार दिवसांत रुजू व्हायचे होते. जायच्या दिवशी भावोजी गाडी सुरू करून फाटकापाशी थांबले. "बसस्टँडपर्यंत तरी सोडतो."

"नको बाबा. चालत जाते. तिथं तेच करायचंय."

दोन्ही हातांत बॅगा घेऊन ती गेली. गाडी मागे धूर सोडत उभी राहिली, आणि भावोजी काच वर करून आत बसले.

फाइल आजही चहाच्या आधी येते आणि सहाव्या अहवालाला संपते. सातवा मला परवा गॅलरीत दिसला. चार घड्या घालून तो एका कोरफडीच्या डब्याखाली, फरशीवर ओल उतरू नये म्हणून ठेवलेला होता.