घार खाली उतरते

बांधकामावरचे सगळे तिला घार म्हणत. उंचावरून तिची नजर कशावर पडेल याचा नेम नसे. खाली कुणी हेल्मेट काढून डोकं खाजवलं, तरी वॉकीटॉकीवर लगेच तिचा आवाज यायचा, "टोपी घाला हो, डोकं एकच आहे." सोळा मजल्यांच्या उभ्या राहणाऱ्या इमारतीशेजारी क्रेन होती आणि क्रेनच्या टोकाशी काचेची केबिन. रोज सकाळी शिडीच्या एकशे ऐंशी पायऱ्या चढून ती तिथे जाऊन बसायची आणि जेवणाच्या सुट्टीलाच खाली यायची. मध्येच उतरायचं म्हणजे जाऊन-येऊन पाऊण तास, आणि तेवढा वेळ खालची तीस माणसं हात बांधून उभी.

धाकटी मुलगी आठ महिन्यांची झाल्यावर तिने तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवून घेतली. दोन मुलं झाली होती, तिसरं नको होतं, आणि रोज आठवणीने गोळी घेणं तिच्याच्याने होणारं नव्हतं. सुरुवातीला पाळी जरा जास्त जाईल, असं दवाखान्यात सांगितलं होतं. ते "जरा" किती, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

पाळी पूर्वी पाच दिवसांत आवरायची, ती आता नऊ दिवस चालू लागली. कधी विसाव्या दिवशीच हजर, तर कधी दीड महिना पत्ता नाही. पहिल्या तीन दिवसांत तर तासातासाला पॅड बदलावं लागे. तिने आपल्या परीने बंदोबस्त केला. फक्त काळ्या पँटी ठेवल्या, एकावर एक दोन पॅड लावू लागली, केबिनच्या खुर्चीवर प्लास्टिक घालून वर जुना टॉवेल टाकला. पाणी पिणं जवळजवळ बंद केलं. असे दहा महिने काढले. पुढे पुढे शिडीवर दम लागू लागला. पूर्वी ती एका दमात चढायची. आता तीनदा थांबायची आणि थांबताना वॉकीटॉकीवर काहीतरी बोलायची, म्हणजे खालच्यांना वाटावं की ही कामाचंच बोलते आहे.

"रंग उडालाय तुझा," नवरा म्हणाला. तो एका बेकरीत भट्टीवर होता. पहाटे जायचा, दुपारी घरी यायचा.

"उन्हात बसते ना."

"उन्हाने माणूस काळवंडतं. तू पांढरी पडली आहेस."

शेजारीण म्हणाली, तांबी वर सरकली असेल, तिच्या ओळखीतल्या एकीची काळजापर्यंत गेली होती. सासू म्हणाली, "बायकांचं हे असंच असतं. चालायचंच." घारीने दोन्ही ऐकून घेतलं आणि काहीच केलं नाही. दवाखान्यात जायचं म्हणजे रजा, आणि रजा मागायची म्हणजे मुकादमाला कारण सांगायचं.

कारण सांगायची वेळ एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता आली. लोखंडी गजांचा मोठा भारा नवव्या मजल्यावर चढत होता. तो अधांतरी असतानाच पोटात कळ आली आणि खाली ओलं, गरम झालं. पाच मिनिटांत टॉवेलही भिजला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. भारा हवेत लोंबकळत ठेवून उठता येत नाही. तिने दात आवळले, भारा हळूहळू फिरवला, नवव्या मजल्यावर टेकवला. हुक सुटल्याची खूण मिळेपर्यंत ती मनात आकडे मोजत राहिली. मग तिने वॉकीटॉकी उचलली.

"काका, मला खाली यायचंय."

काका म्हणजे खाली उभे राहून तिला इशारे देणारे. साठीला टेकलेले, आवाज भरडा. "आत्ता? अजून चार भारे आहेत. काय झालं?"

त्या वॉकीटॉकीवर मुकादम होता, नवव्या मजल्यावरचे होते, काँक्रीटवाले होते. पोट बिघडलं असं सांगता आलं असतं. तिच्या ओठांवर तेच आलं होतं. पण खोटं बोलायलाही थोडी ताकद लागते आणि तेवढी तिच्यात उरली नव्हती.

"पाळी आलीये. फार रक्त जातंय. चक्कर येतेय."

काका लगेच म्हणाले, "हुक वर घे. क्रेनचा ब्रेक सोड, वाऱ्याने फिरू दे तिला. पट्टा अडकवल्याशिवाय शिडीला हात लावू नकोस. मी चढतोय, अर्ध्यावर भेटू."

साठीचा माणूस नव्वद पायऱ्या चढून आला आणि उतरताना तिच्या एक पायरी खाली राहिला. वाटेत ते एवढंच बोलले, "माझ्या धाकट्या बहिणीला असं व्हायचं. आम्ही तिला कामचुकार म्हणायचो." खाली आल्यावर मुकादमाने स्वतःचा रेनकोट तिच्या कमरेभोवती बांधायला दिला आणि नवऱ्याला फोन लावला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बुटक्या आणि स्पष्टवक्त्या होत्या. त्यांनी तपासलं, रक्त काढलं, सोनोग्राफी केली. तांबी जागच्या जागी होती.

"काळजापर्यंत नाही गेली?" घारीने विचारलं.

"तिला तिकडे जायला रस्ताच नाही," बाई म्हणाल्या. "पण तुमचं हिमोग्लोबिन साडेआठवर आलंय. एवढ्याशा रक्तावर तुम्ही रोज तो मनोरा चढता? मला तर दुसऱ्या मजल्यावर जायलाही लिफ्ट लागते."

"पाळी जास्त जाईल असं सांगितलं होतं. म्हटलं, हेच ते असेल."

"पहिले काही महिने थोडी जास्त जाते. तासाला पॅड भरायला लागला की ते थोडं राहत नाही. आणि तारखा अशा पुढेमागे होत असतील तर त्याचंही कारण बघायला हवं. तेव्हाच यायचं होतं."

थायरॉइड ठीक निघालं, गर्भाशयात गाठबीठ काही नव्हती. बाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि चहाबरोबर घेऊ नका म्हणून बजावलं. जास्त जाईल त्या दिवसांसाठी रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. मग समोर कागद ओढून एकेक वाट समजावली: हीच तांबी ठेवून आणखी दोन पाळ्या बघता येईल, ती काढून हार्मोनची बसवता येईल, तिने पाळी बहुतेक वेळा कमी होते, पण सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग दिसतात, किंवा सगळंच काढून दुसरा उपाय.

"दुसरा उपाय म्हणजे माझं ऑपरेशनही होऊ शकतं ना?" नवरा म्हणाला. तो पिठाच्या हातांनीच धावत आला होता.

"होऊ शकतं. लहानसं असतं."

घार त्याच्याकडे बघतच राहिली. घरात सुई टोचायची म्हटली तर हा गच्चीवर जाऊन बसायचा. "ते राहू दे हाताशी," ती म्हणाली. "आधी माझं रक्त भरून येऊ दे, मग ठरवू."

त्या संध्याकाळी सासू तिच्या पलंगाशी कपड्यांच्या घड्या घालत बसली. बराच वेळ ती एकाच टॉवेलची घडी मोडत आणि घालत राहिली.

"मी पंधरा वर्षं लाँड्रीत उभ्याने इस्त्री केली," ती म्हणाली. "मलाही असंच जायचं. दोनदा पडले. कुणाला बोलले नाही. म्हणून तुलाही म्हटलं, चालायचंच."

"आई, तुम्हाला तेव्हा कुणी विचारलं नाही?"

"तू विचारलंस ते पहिलंच."

आठवडाभर घार घरी राहिली. परत गेली तेव्हा क्रेनच्या पायथ्याशी शौचालयाची नवी खोली उभी होती, आतून कडी लागणारी, पाण्याच्या नळाची. पूर्वी त्यासाठी आवाराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागे. मुकादमाने कामाचं वेळापत्रकही बदललं होतं: साडेदहा ते सव्वाअकरा क्रेन बंद. "क्रेनलाही विश्रांती लागते," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. काँक्रीटवाल्यांनी पहिले दोन दिवस कुरकुर केली, तिसऱ्या दिवसापासून त्या वेळेला त्यांचा चहा ठरून गेला.

गोळ्यांनी पाळी थोडी आवरली, तरी सात दिवस जातच होती. दोन महिन्यांनी घारीने स्वतःच ठरवलं आणि जुनी काढून हार्मोनची तांबी बसवून घेतली. तेही काही एका रात्रीत सुरळीत झालं नाही. तीन महिने कधीही डाग दिसत, तिची चिडचिड होई, एकदा तर ही पण काढूनच टाकते म्हणून ती दवाखान्याच्या दारापर्यंत गेली. बाईंनी तपासून सांगितलं, "आणखी थोडं थांबायची तयारी असेल तर थांबा. नसेल तर आत्ता काढते. शरीर तुमचं आहे." ती थांबली. पाचव्या महिन्यात पाळी दोन दिवसांतच आवरली, तीही नावापुरती. हिमोग्लोबिन बाराच्या जवळ पोचलं.

इमारत चौदाव्या मजल्यावर आली तेव्हा क्रेन आणखी उंच केली गेली आणि शिडीला चाळीस पायऱ्या वाढल्या. पहिल्या सकाळी ती केबिनमध्ये पोचली, खुर्चीत टेकली आणि बाटलीतलं पाणी गटागटा प्यायली. खाली सासू धाकटीला कडेवर घेऊन फाटकाबाहेर उभी होती. लाँड्रीतल्या दोन जुन्या मैत्रिणींना ती घेऊन आली होती. सून कुठे बसते ते त्यांना बोटाने दाखवायचं होतं, आणि मग तिघींना मिळून स्वतःला तपासून घ्यायला त्या बुटक्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं.