सुलोचनाबाईंचं इंजिन आणि त्याच्या रिंगा

तीस वर्षं वडश्यात इंजिनं खोलतोय. नटबोल्टचा डबा रिकामा होतो, किश्शांचा होत नाही! आता कंबर साथ देत नाही, बारीक दिसत नाही, आणि तरी रोज कुणीतरी नवा किस्सा गॅरेजच्या दारात उतरवून जातो. सगळे सांगायला माझ्यात दम नाही. एका इंजिनाचे तेवढे ऐका.

*

हे इंजिन माझ्यापेक्षा वयाने मोठं. एकच सिलिंडर, दोन्ही बाजूंना जड चाकं, हँडल मारून सुरू करायचं. मालकीण सुलोचनाबाई. सिंदेवाहीकडच्या जंगलातल्या गावात त्या याच्यावर धानाची गिरणी चालवतात. नवरा गेल्यापासून एकट्याच. इंजिन ट्रॉलीत घालून घेऊन आल्या.

"काय होते बाई याले?"

"तेल पिऊन राह्यलं. जेवढं डिझल, तेवढंच तेल! अन् धूर केवढा!"

मग हळूच म्हणाल्या, "धान निघाले अजून महिना आहे भाऊ. तवरीक नाई झालं तं गिऱ्हाईक रोडवरच्या लाइटच्या गिरणीत जाईन. एकडाव गेलं का वापस नाई येत."

मला नाही म्हणवलं नाही. तिथेच चुकलं.

*

पिस्टन बाहेर काढला. त्याच्यावरच्या, तेल थोपवणाऱ्या रिंगा झिजून ब्लेडसारख्या झालेल्या, आणि प्रत्येक रिंगेच्या मागे खाचेत पत्र्याची पट्टी! रिंग बाहेर दाबून धरायला कुणीतरी बिस्किटाचा डबा कापला होता. अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

मी भडकलो. "कोन्या गाढवानं केलं हे?"

"त्यायनंच," बाई म्हणाल्या. "जायच्या आंधी. सहा वर्षं चाललं भाऊ."

मी पट्ट्या पुसून त्यांच्या हातात दिल्या. आणखी काय करणार?

*

आता रिंगा कुठल्या टाकायच्या? माझा पार्टनर दिनूभाऊ लेथवर बसतो. वीस वर्षं आम्ही भांडतोय. तो म्हणे, "क्रोमच्या टाक. दहा वर्षं पाहाले नाई लागत."

मी म्हटलं, सिलिंडर घासून वाकडातिकडा झालाय. याआधी आतून कातून कातून इतकं बोअरिंग झालंय की आता भिंतच पातळ उरली. त्यात कडक क्रोम बसणारच नाही. बिडाची साधी मऊ रिंग टाकू, ती घासून आपोआप बसेल.

"अन् दोन सिझनमंदी जाईन!"

"जाऊ दे!"

दुपारपर्यंत हेच चाललं. बाई स्टुलावर बसून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "घासली तं नवीन काय भेटते? रिंग का सिलिंडर?"

"रिंग."

"मंग घासणारी रिंगच टाका ना! तुमाले दोघायले इतका वेळ काऊन लागून राह्यला?"

*

रिंगा टाकल्या, सगळं जोडलं, हँडल लावलं. हलेना! दोघं लटकलो, मग शेजारचा पंक्चरवालाही लटकला. नाहीच.

पुन्हा खोललं. रिंगेच्या दोन टोकांमधली फट सिलिंडरच्या वरच्या, घासून रुंद झालेल्या भागात मोजली होती. खालच्या अरुंद भागात टोकं एकमेकांना भिडली. नवशिक्याची चूक! दिनूभाऊला अर्धा दिवस शिव्या घातल्या. त्याने टेबलावर खडूने लिहिलेल्या मापाकडे बोट केलं.

अक्षर माझं होतं.

*

कानशीने टोकं घासून पुन्हा जोडलं. तिसऱ्या हँडलला इंजिन सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज वाटत नाही. बाईंनी हात जोडले आणि इंजिन घेऊन गेल्या.

*

धान निघाल्यावर एका कामाने त्यांच्या गावाकडे गेलो. तळ्याच्या अलीकडूनच दिसलं, झाडांवर धुराचा हा मोठा लोट! गेल्या आपल्या रिंगा! बाईंचं गिऱ्हाईक गेलं आणि दिनूभाऊ आता मरेपर्यंत ऐकवणार. तळ्याच्या पाळीवरून अक्षरशः धावलो.

गिरणीत पोत्यांची रांग लागलेली. इंजिन मजेत चालू. मी पांढरा रुमाल सायलेन्सरसमोर धरला, डाग नाही!

मागे गेलो. ओल्या तुसाचा ढीग धुमसत होता, आणि सुलोचनाबाई खोकत खोकत काठीने तो हलवत होत्या.

"बाई, हे काय?"

"काय सांगू भाऊ! पयले दहा दिवस कोनीच नाई आलं. तळ्यापल्याडच्या लोकायले इंजिनचा आवाज नाई जात. ते धूर पाहूनच पोतं उचलतेत. धूर नाई, म्हंजे गिरणी बंद!"

आतून कुणीतरी हाक मारली. बाईंनी काठी माझ्या हातात दिली.

"धरा. मी पोते पाहून येते. धूर कमी होऊ देऊ नोका!"